टाकी आणि भिंतीची कड

माझा मामा बंदराच्या कचेरीत जबाब लिहून घ्यायचा. एखादी बोट खडकावर चढली किंवा गाळात रुतली, की दुसऱ्या दिवशी तिचा कप्तान मामाच्या टेबलासमोर येऊन बसे. मामा आधी त्याला पाणी द्यायचा आणि मग खिडकी लावून घ्यायचा. समोर समुद्र दिसत असला की माणसं त्याच्याकडे बघत बोलतात आणि अर्धं वाक्य तिकडेच जातं, असं त्याचं म्हणणं. एकोणतीस वर्षं हे काम केलं आणि तेवढ्या वर्षांत गडी एकदाही बोटीत चढला नाही. धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी त्याच्या पोटात ढवळायचं.

जबाबांवर मात्र त्याचा फार जीव. संध्याकाळच्या चहाला तो मला ते सांगायचा आणि चहा निवून जायचा. एका कप्तानाला आदळण्याच्या क्षणभर आधी मागून आईने हाक मारल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने वळून पाहिलं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणखी एक म्हणाला, "साहेब, पाणी इतकं नितळ होतं की खालचा खडक मला वरच्या ढगाची सावली वाटला. सुंदर दिसत होता हो." मामा हे सगळं जसंच्या तसं उतरवायचा आणि वरचे साहेब त्यावर लाल शाईने 'निष्काळजीपणा' एवढंच लिहायचे. त्या शब्दाचा मामाला मनस्वी राग होता. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं झाकण, म्हणायचा.

त्याच्याकडे दुसरं खातं होतं चिठ्ठ्यांचं. आमच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली एक खडक आहे. लहान होड्या त्याच्यावरून बिनघोर जातात, पण फेरीबोटीला तो चुकवावा लागतो. त्यासाठी टेकडीवरची पाण्याची टाकी आणि खाली उतारावरच्या एका पांढऱ्या भिंतीची उजवी कड, ही दोन्ही एकाखाली एक आणायची आणि तशीच धरून सरळ आत यायचं. म्हणून त्या उतारावर कुणालाही घराचा रंग बदलायचा असो की नवी भिंत घालायची असो, आधी बंदर कचेरीची चिठ्ठी लागे, आणि चिठ्ठी द्यायची की नाही हे ठरवायचा मामा. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना सज्जा पांढरा हवा होता. मामाने तो मातकट रंगवायला लावला. काकू दोन वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि मी म्हणते त्यांचं काही चुकलं नाही.

ती पांढरी भिंत आमच्याच घराची होती.

आई गेल्यावर मी मामाकडे आले, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात खोल्या दोन. मी मधल्या बोळात झोपायचे, आणि पहाटे पाणी प्यायला उठलेला मामा रोज न चुकता माझ्या पायाला अडखळून "कोण आहे?" म्हणायचा. सहा महिने असे गेल्यावर मामी म्हणाली, "अहो, पोरीला एक खोली काढा. नाहीतर एक दिवस तुम्हीच कुठेतरी आपटाल आणि तुमचा जबाब मला घ्यावा लागेल." मामाने घराच्या उजव्या अंगाला दहा फुटांची खोली काढली. विटा वाहायला मामीचा धाकटा भाऊ आला. तो फेरीबोटीचा कप्तान. त्याला सगळं गाव कप्तान म्हणायचं आणि मी कप्तानमामा. त्याची बोट तेव्हा तळाला रंग द्यायला तीन आठवडे किनाऱ्यावर ओढलेली, त्यामुळे त्याला दुसरं काम नव्हतं. खोली झाल्यावर उरलेल्या पांढऱ्या रंगात त्यानेच बाहेरची भिंत रंगवली, आणि जुनी कुठे संपते, नवी कुठे सुरू होते हे ओळखू येत नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

बोट पाण्यात उतरली त्या दुपारी मी माझ्या नव्या खिडकीत बसले होते. हवेत पातळ धुकं होतं, समुद्र कुठे संपतो ते दिसत नव्हतं, आणि त्या राखाडी शांततेत फेरीबोट आत येत होती, मधल्या हवेत टांगल्यासारखी. मग ती थांबली. आवाज काहीच आला नाही. थोडीशी कलली आणि तशीच राहिली. मला वाटलं, मुद्दामच थांबली असेल, मला बघायला. कुणी ओरडलं नाही. माणसं हळूहळू वरच्या डेकवर आली, कुणीतरी छत्री उघडली, आणि भरती येऊन बोट सुटेपर्यंत पाच तास ती सगळी तिथेच, पाण्याच्या मधोमध, रविवारी बागेत बसावीत तशी बसून राहिली. मीही खिडकीतून उठले नाही. इतकी सुंदर दुपार मी पुन्हा पाहिली नाही, आणि हे म्हणायची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मेहुणे मेहुण्यांसमोर बसले. कप्तानमामाचा जबाब दीड ओळीचा निघाला. "माझा डोळा लागला. चूक माझी आहे."

सुकाणूवर झोपणाऱ्याचा परवाना कायमचा जातो. अठरा वर्षं बोट चालवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मामी रडली, भावाला वाटेल ते बोलली. तिसऱ्या दिवशी चहाला मामा म्हणाला, "खोटं बोलतोय. ज्याच्या हातून खरंच होतं तो असं पहिल्याच वाक्यात हात वर करत नाही. तो आधी हवा कशी होती ते सांगतो."

आणि चौथ्या दिवशी माझा मामा, जीव मुठीत धरून, एका मासेवाल्याच्या होडीत चढला. मी सोबत होते. अर्ध्या वाटेत त्याने सकाळचा सगळा चहा समुद्राला दिला. पण बंदराच्या तोंडाशी होडी वळली तसा तो ताठ झाला. आपलं घर समुद्रावरून तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. वर टाकी. खाली पांढरी भिंत, लांबलचक, माझ्या खोलीसकट एकसंध. होडीवाल्याला त्याने टाकी आणि भिंतीची उजवी कड एका रेषेत धरायला सांगितलं. होडी अलगद उजवीकडे सरकत गेली, आणि थोड्या वेळाने आमच्या खाली, हात घातला तर लागेल असं वाटावं इतका जवळ, खडक हिरवा हिरवा हलत होता.

"घराशी दहा फूट," मामा म्हणाला, "इथे दोनशे." मग तो होडीच्या काठावरून वाकून खडक बघू लागला. उलटीचंही विसरला. साऱ्या उताराला चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरासाठी चिठ्ठी लिहिली नव्हती. त्याच्या मनात ते आलंच नव्हतं, कारण त्याच्या लेखी ती खुणेची भिंत नव्हती, घर होतं. कप्तानमामाने त्याच भिंतीवर स्वतः ब्रश फिरवला होता, पण धुक्यात त्याचा हात अठरा वर्षांच्या सवयीने कड शोधत गेला.

संध्याकाळी कप्तानमामाला स्वयंपाकघरात बोलावलं. मामाने विचारलं, "कधी कळलं तुला?"

"बोट खडकावर बसल्यावर दुसऱ्या मिनिटाला. धुकं जरा हललं आणि खिडकी दिसली हिची."

"मग बोलला का नाहीस?"

"भाऊजी, मी बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती आणि खोली पाडायला लावली असती. पोरीला पुन्हा बोळात झोपवायचं? मला काय, मी जाळी विणेन." मग हात जोडून म्हणाला, "तुम्हीही बोलू नका. ताईची शपथ."

"शपथा कसल्या घालतोस माझ्या!" मामी कडाडली, आणि तिने त्याला जवळ ओढून त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. धपाट्यानंतर हात तिथेच राहिला.

पुढचं आधीच सांगून टाकते. कप्तानमामाचा परवाना वाचला. मामाची नोकरी गेली नाही, पण जबाबांचं टेबल गेलं. निवृत्त होईपर्यंत तो गोदामात दोरखंडांना लेबलं लावत बसला. तिथे त्याला कुणी काही सांगत नसे, आणि संध्याकाळचा चहा आता गरम असतानाच संपे. खोली राहिली. फक्त तिची भिंत उतारावरच्या दगडांसारखी राखाडी रंगवावी लागली. शेजारच्या काकू त्या दिवशी मातकट सज्जात खुर्ची टाकून शेवटचा हात फिरेपर्यंत बसल्या होत्या.

पण हे सगळं झालं मामाने स्वतःचा जबाब दिल्यामुळे, आणि तो घ्यायला कचेरीत दुसरं कुणी नव्हतंच. ते काम तोच करायचा. म्हणून रविवारी सकाळी त्याने मला कचेरीत टेबलाच्या त्याच्या नेहमीच्या बाजूला बसवलं, छापील कागद माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः समोरच्या खुर्चीत जाऊन बसला. मी त्याला पाणी दिलं. उठून खिडकी लावली. त्याने आधी हवा कशी होती ते सांगितलं. कागदावरचे प्रश्न मी एकेक विचारत गेले, तो एकेका शब्दाला थांबत उत्तरं देत गेला, आणि माझं अक्षर बिघडत गेलं.

शेवटचा प्रश्न होता, 'घटना कशामुळे घडली?'

"परवानगी न घेता घराला खोली बांधल्यामुळे," मामा म्हणाला.

मी लिहिलं नाही. पेन तसंच धरून म्हटलं, "म्हणजे मी आले म्हणून."

मामाने मान वर केली. एकोणतीस वर्षं त्याने समोरच्याला मध्येच तोडलं नव्हतं, आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातला नव्हता. आता तो खुर्चीतून अर्धा उठला, कागद ओढला, माझ्या हातातलं पेन घेतलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, दोन्ही परत माझ्यापुढे ठेवलं.

"खोली बांधली," तो म्हणाला. "पूर्णविराम दे. ती चूक नाही. परवानगी घेतली नाही. ही चूक. दोन वेगळ्या ओळी आहेत त्या, एकीत कोंबू नकोस."

माझे डोळे भरून आले होते, कागद दिसत नव्हता. मी डोळे पुसले आणि त्या दोन ओळी वेगळ्या लिहिल्या.