पलंगाखालच्या टाक्या

मिस्त्रींच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला गरम-गार काही कळत नाही. फ्रिजची नळी कापली की आतला गॅस फुसकन बाहेर येतो. तो तोंडावर उडू नये म्हणून उमेदवारीच्या दिवसांपासून ते नळीच्या टोकाशी अंगठा धरीत आले. गॅस बर्फापेक्षा थंड. त्याने तिथली कातडी जळून पांढरी, मेणासारखी झाली. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात.

या कामाला त्यांच्या धंद्यात ‘मोकळा करणे’ म्हणतात. फ्रिज दुरुस्तीला आला की आधी गॅस मोकळा करायचा, मग नळी झाळायची, मग नवा भरायचा. मोकळा केलेला गॅस खिडकीतून कुठे जातो, हे कुणी विचारत नसे. त्याला वास नाही, रंग नाही, फरशीवर डाग पडत नाही.

मिस्त्रींचे वडील बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत. त्यांची बोटे गारठून वाकडी झालेली पाहून आई मुलाला म्हणाली, “थंडीचंच काम करायचं असेल, तर निदान बसून कर.” म्हणून हे फ्रिजच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि पुढे स्वतःची दुरुस्तीची कामे घेऊ लागले. आमच्या इमारतीत ते अगदी वरच्या मजल्यावर राहतात, मी तळमजल्यावर. माझे यजमान गेल्यापासून घरात जे काही बिघडते ते मिस्त्रीच पाहतात. माझ्या गुडघ्यांबद्दल मात्र हात वर करतात. “बाई, या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत,” म्हणतात.

असा हसतमुख माणूस एका संध्याकाळी बदलला. मी तो बदल पाहिला आहे, म्हणून लिहिते.

त्यांच्या धंद्यातल्या लोकांसाठी सरकारने एक वर्ग ठेवला होता. न येणाऱ्याचा परवाना अडकणार होता, म्हणून सगळे गेले. शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने सांगितले की जुन्या फ्रिजमधला गॅस एकदा वर गेला की शंभर वर्षे तिथेच राहतो. एक किलो गॅस उष्णता धरून ठेवतो ती हजारो किलो धुराइतकी. मग तिने सहज विचारले, “काका, तुम्ही आजवर किती मोकळा केला असेल?” वर्गात हशा पिकला. कुणी म्हणाले, “यांनी? यांनी तर आभाळच भरून टाकलंय!” मिस्त्रीही हसले. घरी येईपर्यंत हसू गेले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या फ्रिजमागे बसून त्यांनी मला विचारले, “बाई, तुम्ही शाळेत नन लोकांकडे शिकलात. शंभर वर्षं म्हणजे काय हो?”

मी म्हटले, “म्हणजे भिंगरीच्या नातवंडांपर्यंत.”

भिंगरी ही त्यांची नात. खरे नाव वेगळे, पण एका जागी कधी उभी राहत नाही म्हणून भिंगरी. तिची आई कामावर जाताना तिला आजी-आजोबांकडे सोडून जाते. माझे उत्तर ऐकून मिस्त्रींनी हातातला पाना दोनदा पुसला. मला वाटते, मी ते उत्तर दिले नसते तरी चालले असते.

त्या दिवसापासून त्यांनी गॅस मोकळा करणे बंद केले. एक जुने यंत्र मिळवले आणि फ्रिजमधला गॅस ओढून लोखंडी टाकीत भरू लागले. कामाला दुप्पट वेळ लागे. गिऱ्हाइके कुरकुरली, काही तुटली. आणि भरलेल्या टाक्या घ्यायला कुणी तयार नव्हते. गॅसचा दुकानदार म्हणाला, “मिस्त्री, वेडबिड लागलंय का? मोकळा करा आणि रिकामी टाकी आणा, लगेच घेतो.” सरकारी कचेरीत एका खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने पुन्हा पहिलीकडे. शेवटी शिकवणाऱ्या मुलीलाच फोन केला. ती ओशाळून म्हणाली की हा गॅस जाळून नष्ट करणारी भट्टी आपल्याकडे नाही, होईल तेव्हा होईल, तोवर जपून ठेवा.

मग मिस्त्रींनी त्या जपून ठेवल्या. घर दोन खोल्यांचे, त्यामुळे जागा एकच, पलंगाखाली.

“लोकांच्या पलंगाखाली ट्रंका असतात,” वहिनी म्हणजे त्यांची बायको मला जिन्यात म्हणाली, “आमच्या पलंगाखाली जगाचं वाटोळं आहे. झाडू मारायचीसुद्धा सोय नाही.” ती हसत होती, पण पायरीवरच बसली. “रात्री उठून टाक्यांना कान लावतात हो. मी म्हटलं, माझ्या छातीला कधी कान लावला नाहीत इतक्या वर्षांत.”

मिस्त्रींना भीतीने धरले होते. ती नेहमीची भीती नव्हती, आजाराची किंवा म्हातारपणाची. उन्हाळा लांबला की ते माझ्याकडे अपराध्यासारखे पाहत. वर्तमानपत्रात कुठे नदी आटल्याचे, कुठे पक्षी उडता उडता खाली पडल्याचे छापून आले की ते पान माझ्याकडे आणून देत आणि विचारत, “यात माझं किती असेल?” मी म्हणे, “मिस्त्री, त्यात सगळ्यांचं आहे. माझाही फ्रिज होताच की.” त्यावर ते अंगठ्याकडे पाहत.

आणि खरे सांगायचे तर ती भीती मलाही लागली. मी लहानपणापासून रोजनिशी ठेवते. त्यात हवामानाची एक ओळ असायचीच, जुन्या शिस्तीचा भाग म्हणून. पूर्वी मी ‘आज उकाडा’ असे लिहीत असे. अलीकडे उकाडा नसला तरच लिहिते.

मग ते दिवस आले. आठवडाभर ऊन असे होते की रस्त्यावरचे डांबर चपलेला धरून ठेवी. वीज दुपारी जायची ती संध्याकाळीच यायची. वरच्या मजल्याचे छत तव्यासारखे तापे. एका दुपारी वहिनी अनवाणी धडधडत खाली आली. कडेवर झोपेतून उठवलेली भिंगरी.

“बाई, पलंगाखालून शिट्टी वाजतेय! पोर वर झोपली होती हो!”

मिस्त्री चार घरे पलीकडे कामावर होते. निरोप मिळताच धावत आले. ऐकले मात्र आणि चेहरा पांढरा पडला. माझ्या दारातच त्यांनी सांगितले ते मला शब्दशः आठवते. टाकी कधी काठोकाठ भरायची नसते. पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा, कारण आतला गॅस पातळ होऊन बसलेला असतो आणि उन्हाने फुगतो. हे धंद्यातले पोरसुद्धा जाणते.

“मग तुम्ही?” वहिनी ओरडली.

“टाक्या कमी होत्या गं. वाटलं, थेंब तरी कशाला वाया घालवायचा. भरत गेलो.”

ज्या टाकीची शिट्टी वाजत होती तिला सुरक्षेची झडप होती. ती जास्तीचा गॅस सोडून स्वतःला वाचवत होती. “वाजणाऱ्या टाकीची मला भीती नाही,” मिस्त्री म्हणाले. “दोन जुन्या टाक्या आहेत, त्यांना झडपच नाही. त्या गप्प आहेत.”

त्यांनी सगळी इमारत रिकामी करवली. आम्ही समोरच्या फुटपाथवर भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. तळमजल्यावरचे शिंपी कैची हातातच घेऊन आले होते. मधल्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून झोपलेली, ती उशीसकट आली. वहिनी जिन्याच्या तोंडाशी नवऱ्याचा शर्ट धरून उभी होती.

“वर जाऊन करणार काय?”

“त्या दोन्ही मोकळ्या कराव्या लागतील. निदान पाचवा हिस्सा तरी.”

“मग करा की! विचार कसला करताय? सगळ्याच करा! पोरीपेक्षा गॅस मोठा झाला का तुम्हाला?”

“अगं, पोरीसाठीच तर…” एवढे म्हणून ते थांबले. मग तिची बोटे शर्टावरून एकेक करून सोडवली आणि वर गेले.

मी माझ्या आयुष्यात अनेक वाईट दुपारी पाहिल्या आहेत, पण अशी नाही. वरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्याचा आवाज आला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत साचला तर माणूस गुदमरतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्यांना होते. मग काहीच ऐकू येईना. शिंपी म्हणाले, “काय करतायत इतका वेळ?” भिंगरी आजीच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती आणि पहिल्यांदाच अगदी स्थिर होती. मला वाटले, आत्ता भिंतच खाली येईल. आणि त्याच वेळी दुसरी भीती वाटत होती, की ते टाकी उघडतील. दोन्ही एकदम वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

मग तो आवाज आला. बारीक, लांब, न संपणारा ‘स्स्स’. खिडकीतून काहीच बाहेर पडताना दिसले नाही. आभाळ होते तसेच निळे होते. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला.

मिस्त्री जिन्यात आले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताचा अंगठाही पांढरा पडला होता. टाकी हलकी झाल्याचे वजनकाट्यावर दिसले तशी त्यांनी दोन्ही बंद केल्या होत्या. बाकीचा गॅस टाकीतच ठेवला होता. “पाचवा हिस्सा गेला, बाई,” ते मला म्हणाले. “माझ्याच हाताने गेला.” आणि इतका मोठा माणूस शिंप्यांच्या खांद्यावर डोके टेकून रडला.

त्या टाक्या परत पलंगाखाली जाणे शक्य नव्हते. वहिनीने तसे बजावलेच. आमच्या घराखाली तळघरात एक खोली आहे. माझे यजमान फोटोग्राफर होते, ती त्यांची अंधारखोली. खिडकी नाही, ऊन कधी पोचत नाही. रसायनांचा वास जावा म्हणून त्यांनी पंखाही बसवला होता. ते गेल्यापासून मी कुलूप उघडले नव्हते. किल्ली मी मिस्त्रींच्या हातात ठेवली, पण लगेच सोडली नाही. औदार्य वगैरे काही नव्हते. माझ्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली ती खोली आहे.

संध्याकाळी उन्हे उतरल्यावर ओल्या चादरींत गुंडाळून एकेक टाकी खाली आली. शिंपी आणि मिस्त्री ती बाळाला आणावे तशी आणत होते. मिस्त्रींनी पंखा जमिनीलगत उतरवला, कारण गळती झाली तर गॅस खालीच साचणार. मला दम भरला, “एकटीने आत जायचं नाही. दार उघडायचं, पंखा लावायचा, बाहेर थांबायचं, मग आत.”

आता ते रोज दुपारी खाली जातात. उजवा अंगठा कळवत नाही, म्हणून डावा तळहात प्रत्येक टाकीवर ठेवतात. भट्टीची चौकशी चालू आहे. शिकवणारी मुलगी फोन घेते, एवढेच.

परवा वर येऊन त्यांनी मला विचारले, “बाई, तुमच्यानंतर ही खोली कुणाची?”

“भाच्याची. तो घर विकणार.”

“आणि घेणारा?”

शंभर वर्षांत या खोलीला किती मालक होतील? त्यांतला एक जण कुलूप तोडील, जुने लोखंड म्हणून टाक्या भंगारात देईल, आणि भंगारवाला पाना लावील. मी भाच्याला पत्र लिहिले आहे. पण पत्रे किती टिकतात ते मला ठाऊक आहे.

शेवटी दारावर पाटी रंगवायचे ठरले. मी म्हटले, ‘धोका’ लिहू. मिस्त्री म्हणाले, धोका लिहिलेली दारे लोक आधी उघडतात. ‘हात लावू नये’ लिहू? “तर हातच लावतील,” वहिनी म्हणाली. “आमच्या पोरीला विचारा.” भिंगरी रंगाच्या डब्याभोवती फिरत होती. वहिनीने तिला खरेच विचारले, “काय गं, आजोबा टाक्यांना रोज काय करतात?”

“गार ठेवतात,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मग गुडघे टेकून, न थरथरता, मोठ्या अक्षरांत त्यांनी तेवढेच लिहिले. गार ठेवा. खाली बारीक अक्षरांत पंख्याचे आणि थांबण्याचे.

रंग वाळला आहे. दुपारी मी पलंगावर आडवी होते तेव्हा खालून पंख्याची घरघर ऐकू येते. वीज गेली की ती थांबते, आणि ती परत सुरू होईपर्यंत मला डोळे मिटवत नाहीत.