परसातल्या चालत्या टोपल्या

माझ्या आयुष्यात मी एकच लग्न जमवलं, ते कोंबडीचं. आणि तिथंही मुलाकडचं नुसतं खानदान पाहिलं, स्वभावाची चौकशी केली नाही!

तेव्हा निजामाचा अंमल होता आणि मी बेंबळीला नुकतीच नांदायला आले होते. बसल्या जागी स्वप्नं पाहणं हा माझा एकुलता एक गुण. तव्यावरची भाकरी फुगताना बघत बघत मी कुठल्या कुठं निघून जायची. परत यायची ती करपल्याच्या वासानं. माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, झोपाळू सून एक वेळ चालली असती. पण डोळे उघडे ठेवून गैरहजर असणारी सून त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

घर त्यांचं, चूल त्यांची आणि मागचं परस तर त्यांचंच. त्या परसाचं मला भारी वेड. एका कोपऱ्यात न्हाणी, सगळ्या बाजूंनी दगडी कुंपण, मध्ये शेवगा. दुपारी तिथं असं मऊ ऊन उतरायचं की वाटायचं, एवढा तुकडा आपला असावा. आपल्या कोंबड्या, आपली अंडी, आपलं ऊन, आणि हाक मारायला कुणी नाही!

त्या पावसाळ्यात नणंदेच्या बाळंतपणाला आत्याबाई तिच्या गावी निघाल्या. निघताना त्यांनी आपली लाडकी कोंबडी, तांबडी, माझ्या हातात दिली.

"ही तुझ्या हवाली. हिची पिलं धड वाढीवलीस तर परस तुझं. म्या मधी बोलायची न्हाय. पर इस्कोट केलास, तर परसात पाऊल टाकू द्यायची न्हाय, सांगून ठिवते!"

"व्हय, आत्याबाई."

"काय म्हणले म्या?"

मी शेवग्याच्या फुलांकडं बघत होते. (फुलं खरंच सुंदर होती.) आत्याबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं आणि गाडीत बसताना देवीला हात जोडले.

गाडी वळणाआड गेली आणि माझं स्वप्न सुरू झालं. तांबडी अंडी भरपूर द्यायची, पण अंगानं मूठभर. तिची पिलंही तशीच निघणार! त्यापेक्षा उंचपुरी, ताठ मानेची पिलं निघाली तर? उन्हात ती हळूहळू फिरतायत, मी ओट्यावर राणीसारखी बसलेय आणि आत्याबाई म्हणतायत, "सून असावी तर अशी!" या जागी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडं चुलीवर दूध उतू गेलं.

गावच्या चौकीवर एक जमादार होता. त्याच्या घरी असील जातीचा कोंबडा होता, रुस्तम. उंची माझ्या कमरेएवढी (बरं, गुडघ्याएवढी) आणि तो चालत आला की खुद्द जमादार वाट सोडायचा. मी जमादाराच्या बायकोकडं, फातमाबीकडं गेले.

"असली असील है, बेटी!" फातमाबी म्हणाली. "इसका बाप लड्या, दादा लड्या, परदादा बी हैदराबाद में लड्या!"

एवढं स्पष्ट सांगूनही मला कळलं ते इतकंच, की घराणं मोठं आहे. मी लगेच सोयरीक पक्की केली.

नवरदेव मुक्कामाला आला. तांबडी लाजून न्हाणीमागं लपली आणि आमचे हे सूप ढालीसारखं धरून अंघोळीला जायला लागले.

"आवं, पाव्हणा हाय. जरा सबुरीनं घ्या."

"पाव्हणा म्हणं! माझ्याच घरात न्हाणीला जायला त्याची परवानगी घेतुया म्या!"

पुढं रुस्तम आपल्या घरी गेला आणि तांबडी खुडूक झाली. टोपलीत भुसा पसरून मी तिला अंड्यांवर बसवलं. ढगांच्या गडगडाटानं अंडी नासतात, म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवायची आमच्याकडची रीत. मीही ठेवला. स्वप्नाच्या नादात खिळा म्हणून ठेवला तो ह्यांचा अडकित्ता होता, हे दोन दिवसांनी कळलं.

"दे की काढून!" हे ओरडले.

"आवं, आभाळ गडगडतंय! काढला आन् अंडी नासली तर?"

तांबडी उठेपर्यंत ह्यांनी सुपारी दगडानं फोडून खाल्ली. त्यातला एक घाव अंगठ्यावर बसला, तेव्हा जे शब्द बाहेर पडले त्यांनी अंडी कशी नासली नाहीत, याचंच मला नवल वाटतं.

एका शांत दुपारी पिलं बाहेर आली. लांब पायांची, ताठ मानेची, अगदी स्वप्नातल्यासारखी. मी नुसती बघत राहिले. त्यांच्या त्या गरम, हलक्या अंगाचा तळहातावरचा स्पर्श मला आजही आठवतो. आता परस माझं होणार!

पण पिलांना जरा पंख फुटले आणि त्यांना एकमेकांची तोंडं दिसायला लागली. एकानं दुसऱ्याकडं रोखून पाहिलं. दुसऱ्यानं तिसऱ्याचा सूड पहिल्यावर काढला. तांबडी बिचारी मध्ये पडली तर सगळ्यांनी मिळून तिलाच हाणलं!

"खाण तशी माती!" हे सूप उचलत म्हणाले. "आता एकेकाला झाकून ठिव, न्हायतर आई येईस्तवर नुसती पिसं उरत्याल."

झालं! एक पिलू डालग्याखाली, एक दुरडीखाली, एक भाकरीच्या टोपलीखाली. घरातल्या टोपल्या संपल्या तेव्हा शेजारच्या काशीबाईच्या आणल्या. देवीची परडी तेवढी मी सोडली. (नजर गेली होती, खोटं कशाला बोलू!) ह्यांची भाकरी शेतात फडक्यात बांधून जायला लागली.

पिलं वाढत होती आणि टोपल्या हलक्या होत्या. आतून ढुसणी बसली की टोपली हळूच सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. दुपारच्या शांततेत साऱ्या परसभर टोपल्या आपापल्या हिंडत असायच्या. मला ते इतकं गोड वाटायचं की कुंपणाला टेकून मी तासन् तास बघत बसायची.

अशाच एका दुपारी निरोप न धाडता आत्याबाई परतल्या. मागच्या दारात उभ्या राहून त्यांनी पाहिलं: माणसाचा हात न लागता टोपल्या चालतायत आणि सून डोळे उघडे ठेवून हसतेय.

"ए पोरी!"

माझ्या स्वप्नात त्या नेमक्या माझं कौतुक करत होत्या. मी आणखी गोड हसले.

"आई तुळजाभवानी! भानामती! माझ्या सुनंला भानामती झाली!"

आमच्या भागात या एका शब्दावर जेवढी माणसं जमतात, तेवढी लग्नालाही जमत नाहीत. परस भरून गेलं. लिंबाचा पाला आला. काशीबाईनं माझ्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली आणि मी जागी झाले.

"कोण हाईस तू?" आत्याबाई गरजल्या.

"म्या... तुमची सून..." मी खोकत म्हणाले.

"खोटं! कुठनं आलीस?"

"येडशीहून..."

"कशापायी आलीस?"

"तुमीच... लगीन करून आणलं की!"

"लई लबाड हाय आतलं," काशीबाई म्हणाली आणि तिनं आणखी मिरच्या टाकल्या.

तेवढ्यात हे शेतातून धावत आले. "आई! टोपलीला हात लावू नगंस!"

हे ऐकून गर्दी अशी काही मागं सरकली की सगळ्या टोपल्या पायाखाली उलथल्या! पिलं बाहेर आली. क्षणभर त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, मग समोरच्या एवढ्या पोटऱ्यांकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांच्यात एकी झाली.

कोण कुंपणावरून गेलं, कोण न्हाणीत शिरलं, सांगता येत नाही. काशीबाईचं लुगडं शेवग्याला अडकलं. कुंपणापलीकडून फातमाबी तेवढी आनंदानं ओरडत होती, "माशाल्ला! खानदानी खून बोलता, खून!"

आत्याबाईंनी घरात शिरून दाराला आतून कडी घातली. फटीतून त्यांचा एकच डोळा दिसत होता.

"ही भानामती न्हाय?"

"न्हाय, आत्याबाई. तांबडीची पिलं हायेत. धड वाढलीत."

तो डोळा आधी पिलांवरून फिरला, मग माझ्यावरून.

"भानामती असती तर उतरून तरी टाकली असती! ऱ्हाऊ दे बाई, परस तुझं. आजपासनं म्या तिथं पाऊल टाकायची न्हाय!"

असं ते परस माझं झालं. माहेरी मी अजून सांगते, की सासूनं खूश होऊन दिलं. ऊन माझं, अंडी माझी, हाक मारायला कुणी फिरकत नाही! फक्त ते सगळं मला कुंपणावर बसून बघावं लागायचं, कारण खाली उतरायची माझीसुद्धा छाती नव्हती!