चौथ्या ओळीतलं नाव

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. होस्टेलवर कुणी भुताचे किस्से सुरू केले की "पुरावा दाखव" म्हणून विचका करणारा तो मीच. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

२००९ साल. आम्ही कॅनडात सस्काटूनला राहायचो. आम्ही म्हणजे मी, बायको केतकी आणि सात वर्षांची ईशा. मी तिथल्या एका खाणकंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचो. मूळचा चिपळूणचा, लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गळ टाकून तासन्‌तास बसलेला. कॅनडात आल्यापासून एकच हौस उरली होती – उत्तरेकडच्या एखाद्या तळ्यावर केबिन घ्यायची आणि लेकीला मासे धरायला शिकवायचं. त्या जुलैचा बेत पक्का केला. गाडीनं पाच तासांवरचं एक तळं, तिथे डोरीन नावाच्या बाईची केबिन आणि बोट. मे महिन्यापासून आमच्या डायनिंग टेबलावर नकाशे, गळ आणि याद्यांचा पसारा. "मासे मिळाले नाहीत तर काय, याद्या तळायच्या का?" केतकी रोज टोमणे मारायची.

बोटीतल्या लाइफ जॅकेटसाठी डोरीननं एक फॉर्म पाठवला. प्रत्येकाचं नाव, वय, वजन. चार ओळी होत्या, आम्ही तीन भरल्या. ईशाचं वजन मी अंदाजानं पन्नास पाऊंड लिहिलं.

तेवढ्यात चिपळूणहून आईचा फोन. रविवारी सकाळी यायचाच.

"तिघंच जाताय? पाण्यावर? मग बरोबर एक सुपारी घ्या रे, चौथी."

तिघांनी मिळून कामाला निघू नये, निघायचंच तर सुपारी नाहीतर खडा घेऊन चार करावेत, हे आपल्याकडे सगळ्यांनीच ऐकलेलं. मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. केतकीनं हसत पेन उचललं आणि चौथ्या ओळीत इंग्रजीत 'सुपारी' असं नाव लिहिलं. वय, वजन कोरं. "घ्या, झालं आईंचं समाधान!"

ईशानं डोकावून विचारलं, "हू इज सुपारी? इज शी माय एज?"

"हो गं, अगदी तुझ्याएवढी," केतकी म्हणाली.

मीही हसलो आणि बेसमेंटमधल्या मशीनवरून फॉर्म फॅक्स केला. खरी सुपारी मात्र आम्ही घेतली नाही. घरात नव्हती आणि आणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मंगळवारी डोरीनचा फोन आला. चार जॅकेट काढून ठेवली म्हणाली. दोन मोठी, दोन मुलींची. सुपारी, वय सात, वजन एकावन्न पाऊंड. मला वाटलं बाईंनी ओळी चुकवल्या. चौथं नाव ही आमची गंमत होती, खोडून टाका, असं सांगितलं. ती "शुअर" म्हणाली. संध्याकाळी सहज म्हणून ईशाला वजनकाट्यावर उभं केलं. एकावन्न. केतकीचा चेहरा उतरला, मी मात्र थट्टेवारी नेलं. खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेआठला पुन्हा डोरीन. "तुमचा नवा फॉर्म मिळाला. म्हणजे तुमची दुसरी मुलगी येत नाहीये का?"

"कुठला नवा फॉर्म?"

तिनं तो आम्हाला परत फॅक्स केला. तीन ओळी भरलेल्या. अजित, केतकी, सुपारी. अक्षर केतकीचं. वर पाठवणाऱ्याचा म्हणून आमच्याच घरचा नंबर. ईशाचं नाव कुठेच नाही.

केतकी रडायलाच लागली. "मी नाही लिहिलं रे, शप्पथ!" ईशा दुधातलं सीरियल खात होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "सुपारी सेज देअर आर ओन्ली थ्री सीट्स."

मी तो कागद घेऊन फोनकडे गेलो. तिथल्या तिथे डोरीनला फोन करून बुकिंग कॅन्सल केलं आणि मग आईला फोन लावला. सगळं ऐकल्यावर तिनं आधी सुपारीचंच विचारलं.

"म्हणजे सुपारी घेतलीच नाहीत? नुसतं नाव लिहून जागा केलीत?" तिचा आवाज बदलला होता. "अरे, मग त्या नावानं आलं कोण?"

मी हातातला कागद पुन्हा वाचू लागलो.

"अजित, ईशा कुठंय?"

मी मागे वळलो. खुर्ची रिकामी. पुढचं दार सताड उघडं होतं. केतकी ओरडतच बाहेर धावली, मी तिच्या मागे.

ईशा ड्राइव्हवेमध्ये गाडीपाशी उभी होती. पायात फक्त मोजे, काचेला नाक लावलेलं. गाडी लॉक होती आणि किल्ल्या माझ्या खिशात. आत मागच्या सीटवर ईशाच्या बूस्टरचा, म्हणजे तिच्या उंच बैठकीचा, बेल्ट लावलेला होता. नुसता अडकवलेला नव्हे. कुणाच्या तरी अंगावर बसावा तसा पुढे फुगून ताणलेला, आणि आत कुणीच नाही.

"देअर्स नो रूम फॉर मी, बाबा," ईशा म्हणाली. रडली नाही. जणू तिला ते पटलं होतं.

मी तिला उचललं, तिचं नाव घेत घेत घरात आणलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नव्हतं. तासाभरानं धीर करून गाडीपाशी गेलो तेव्हा बेल्ट सुटून सीटवर पडलेला होता.

ती गाडी मी पुढच्याच आठवड्यात विकली. फॅक्सचं मशीनही टाकून दिलं. पुढे आम्ही टोरांटोकडे आलो. त्यानंतर काही घडलं नाही. चार वर्षं झाली, मी हर तऱ्हेनं विचार केला. मशीनचा बिघाड, डोरीनचा घोळ, ईशाची कल्पनाशक्ती. एकेक गोष्ट सुटी घेतली तर जुळते, सगळ्या मिळून जुळत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा.

ईशा आता अकरा वर्षांची आहे. गाडीत बसलो की मी आरशात न बघता, मागे वळून तिला नावानं हाक मारतो. मैत्रिणी बरोबर असल्या की ती फार चिडते. चिडू दे. ती "हिअर, बाबा" म्हणेपर्यंत मी गाडी सुरू करत नाही.