ढेरीवाला वोंग

हवानाच्या चिनी वकिलातीत शेन रुओलिन अकरा वर्षं होते. तेवढ्या काळात पेकिंगची बादशाही बुडाली, झेंडा बदलला. साहेबांची खुर्ची काही वर सरकली नाही. त्यांचं फ्रेंच ऐकून इतर देशांचे गोरे राजदूत माना डोलवत. पण ज्यांच्या नावावर पगार खायचा, त्या उसाच्या मळ्यांवरच्या दक्षिणी चिन्यांची बोली त्यांना ओ की ठो कळत नसे. ते पडले उत्तरेचे. दुभाष्या लाउ होता म्हणून अब्रू झाकलेली.

लाउ रजेवर असताना एक खंगलेला ऊसतोड्या आला. स्वतःच्या थडग्यासाठी कोरी फळी घेऊनच आला होता. काही वर्षांनी हाडं उकरतात आणि फळीवरचं आडनाव वाचून मायदेशी घराण्याकडे पोचवतात. पन्नास वर्षं परक्या मातीत राबलेल्याला तेवढीच आशा उरली होती. त्याला लिहिता येत नव्हतं. “वोंग,” तो म्हणाला आणि पोटावर थापा मारू लागला.

साहेबांना वाटलं, भुकेलाय बिचारा. त्यांनी त्याला भात वाढायला लावला आणि तो जेवेपर्यंत, कानाला जवळचं वाटलं ते ‘राजा’ अर्थाचं आडनाव फळीवर लिहून टाकलं. म्हाताऱ्यानं वाकून नमस्कार केला.

चार दिवसांनी लाउनं हे ऐकून कपाळावर हात मारला. “अहो साहेब, आमच्यात वोंग दोन! एक राजावाला, एक पिवळावाला. बोलायला सारखेच, लिहायला वेगळे. पिवळ्याच्या अक्षराला ढेरी असते, म्हणून पोट दाखवतात. तो आडनाव सांगत होता तुम्हाला!”

“मग आता?”

“आता हाडं भलत्याच्या दारात. ते घेतायत होय! पण जाऊ द्या, मेलेला भांडायला येतोय थोडाच? उद्या मेजवानीला वरिष्ठ येतायत, तुमची बढती तिथंच ठरायचीय.”

“मळ्याकडची गाडी किती वाजता आहे?” साहेबांनी विचारलं.

लाउला घेऊन ते मळ्यावर पोचले, तेव्हा म्हाताऱ्याला पुरून एक दिवस झाला होता. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चिखलात गुडघे टेकले, फळी उपटली, जुनं अक्षर खरवडून काढलं आणि मागच्या बाजूवर ढेरीवालं अक्षर लिहिलं. मजूर भोवती जमले. त्यांतल्या कुणालाच वाचता येत नव्हतं.

“काय लिहिलंत?” एकानं लाउमार्फत विचारलं.

“वोंग,” साहेब त्यांच्याच बोलीत म्हणाले.

“आधीही तेच होतं की! एवढ्यासाठी आलात?”

लाउ समजावायला पुढे झाला. साहेबांनी त्याचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“राहू दे,” ते म्हणाले. “त्याच्या गावात कुणीतरी वाचणारा असेल.”