त्या कामातला निष्णात माणूस

“गाडी कवा हाय ते सोडा. तुमाला पोचायचं कवा हाय, ते सांगा.”

अंबाजोगाईच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीतून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला होता. मला परळीच्या गाडीची वेळ हवी होती आणि खिडकीतला माणूस मलाच उलट विचारत होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. रेल्वे गाठायची आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले, ओठातल्या ओठात काही पुटपुटले आणि म्हणाले, “मग फलाटावर लागलेली हाय तिच्यातच उभ्यानं जावा. मागची रिकामी येईल, पण तिला वाटंत थर्मलच्या राखेच्या गाड्या लागतेत.”

मी चडफडत उभ्याने गेले. परळी स्टेशनात माझी रेल्वे हलली तेव्हा मागच्या गाडीचे लोक हातात पिशव्या घेऊन प्लॅटफॉर्मवर पळत येताना मला दिसले.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. आपण त्याला प्रश्न विचारतो, उत्तर घेतो आणि त्याचा चेहरा विसरतो. हे गृहस्थ माझ्याच गल्लीत राहायला होते म्हणून माझ्या लक्षात राहिले. नाव सांगत नाही. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, मीही तेच म्हणायचे.

घराणं परळीचं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तीन पिढ्यांचं दुकान. थोरल्या भावाने गादी सांभाळली आणि अप्पांनी नोकरी धरली. दुकान सोडून हा खिडकीत जाऊन बसला, हे त्या घराला कधी पचलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की थोरले भाऊ हसून सांगायचे, “आमचा अप्पा का? बसलेला असतंय की तिथं.” अप्पाही हसायचे. मात्र घरी आल्यावर दोन-दोन दिवस जेवणावर चित्त नसायचं, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मला सांगायच्या.

अप्पा निवृत्त झाले आणि पंधराच दिवसांत माझ्या दारात उभे राहिले. काखेत लांब वह्यांचा गठ्ठा. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

“मॅडम, हे मशीनात बसतंय का बघा बरं.”

वह्यांमध्ये गाड्यांचं वेळापत्रक असेल असं मला वाटलं. होता तो वेळापत्रकाचा खरा चेहरा. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर प्रत्यक्षात किती वाजता येते. नेकनूरच्या बाजाराच्या दिवशी किती उशीर. गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर कुठे आडवे येतात. कुठल्या गाडीने उतरलं तर केजला दुसरी मिळते आणि कुठल्या गाडीने मिळत नाही. एकतीस वर्षांच्या नोंदी. पानापानावर एकच सुबक अक्षर.

त्यावरून मी प्रोग्रॅम लिहायला घेतला. माणसाने फोनवर आपलं गाव सांगायचं आणि अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात किती वाजता पोचायचं ते सांगायचं. घरातून कधी निघायचं, कुठे उतरायचं, कुठली दुसरी गाडी धरायची, हे यंत्र ठरवायचं. वर्षभर अप्पा रोज चारला यायचे. काकूंनी पाठवलेली दशमी टेबलावर ठेवायचे आणि माझ्या चुका काढायचे. “ही गाडी पावसाळ्यात तिकून जात न्हाई.” “धारूरला उतरलेला माणूस धा मिनटात रस्ता वलांडत न्हाई मॅडम, म्हातारी असली मंजी?” मी थकायचे, ते थकत नव्हते.

तरीही प्रोग्रॅम अडायचा. गाडी आज उशिरा आहे हे त्याला कळणार कसं? त्यावर अप्पांनीच उपाय काढला. त्यांनी फाट्याफाट्यावरच्या चहावाल्यांना, पानवाल्यांना गाठलं. गाडी पुढून गेली की एक मिस्ड कॉल द्यायचा, बास. नंबरावरून जागा कळते, वेळेवरून गाडी कळते. यंत्र लगेच पुढचा हिशेब बदलतं आणि अजून घरात असलेल्या माणसाला कळवतं: थांबा, किंवा आत्ताच निघा.

ते चालू झालं त्या आठवड्यात नेकनूरजवळच्या एका बाईची मोठ्या दवाखान्यात तपासणी होती. आदल्या खेपेला गाडी चुकून ती हात हलवत परत गेली होती. या वेळी यंत्राने तिला तासभर आधीच घराबाहेर काढलं, कारण केजच्या अलीकडे टँकर आडवा झाला होता आणि आधीच्या गाडीचा मिस्ड कॉल उशिरा आला होता. तपासणी झाल्यावर ती विचारत विचारत आमच्या गल्लीत आली. अप्पांच्या पुढ्यात पेरू ठेवले आणि म्हणाली, “तुमाला घरी बसून कसं दिसलं वो टँकर?” अप्पांनी पेरू मला दिले. चेहरा मात्र लपवता आला नाही त्यांना.

पेटंटचं खूळ माझंच. कॉलेजात एका कार्यक्रमात पाहुण्यांनी सांगितलं होतं की नवं काही केलं असेल तर पेटंट घ्या. अप्पांना त्याचा अर्थ समजावला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “मंजी हे मी शोधलं, असं सरकार लिवून देणार?”

“हो.”

“शिक्का मारून?”

“शिक्का मारून.”

त्यांनी टेबलावरच्या वह्या सरळ करून ठेवल्या. मग म्हणाले, “परळीला न्हेऊन दाखवीन येकदा.”

अर्ज मी लिहिला. इथेच मला थांबावंसं वाटतं, पण सांगायला हवं. इंटरनेटवर मी दुसऱ्यांचे अर्ज पाहिले. सगळीकडे भारदस्त इंग्रजी, आकृत्या, बाण. त्यात चहाची टपरी आणि मिस्ड कॉल लिहायला माझा हात धजेना. मुंबईतले अधिकारी हसतील असं वाटलं. मी ‘स्वयंचलित प्रवास नियोजनाची संगणकीय पद्धत’ असा मथळा दिला आणि त्याला शोभेल तेवढंच आत लिहिलं. वह्यांचं गणित घातलं. टपरी गाळली. अप्पांनी विचारलं, “फाट्यावरचं घेतलं का?” मी म्हणाले, “येतं अप्पा सगळं त्यात.”

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी सही केली. शीर्षकाच्या खाली मी त्यांचं नाव दाखवलं, तेवढ्यावर त्यांनी बोट फिरवलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. अर्ज कुठवर आला हे संकेतस्थळावर दिसतं. अप्पा रोज चारला यायचे आणि मी रोज तेच पान उघडायचे. ‘परीक्षणाच्या प्रतीक्षेत.’ महिने गेले. “आपली खिडकी असती तर माणूस खवळला असता,” ते म्हणायचे. “येवढा येळ मी कुणाला ताटकळत ठिवलं न्हाई.”

शेवटी परीक्षण अहवाल आला. पानंच्या पानं आक्षेप. मी वाचत होते आणि मराठीत सांगत होते. पहिला आक्षेप: असा शोध आधीच लागलेला आहे. पुरावा म्हणून परदेशातले दोन कागद जोडलेले. विमान, हॉटेल, भाड्याची मोटार, सगळा प्रवास आपोआप जुळवून देणारी यंत्रणा.

“त्यांची इमानं टायमाला निघतेत का?” अप्पांनी विचारलं.

“निघतात असं धरलंय त्यांनी.”

“मग ते आपल्यासारखं कसं? आपलं तर सुरूच गाडी चुकल्यावर होतंय.”

दुसरा आक्षेप: हा निव्वळ संगणक प्रोग्रॅम आहे, त्यात तांत्रिक परिणाम दिसत नाही.

“बाई दवाखान्यात टायमाला पोचली, ह्यो परिणाम न्हाई का?”

“तो माणसावरचा झाला अप्पा. त्यांना यंत्रावरचा हवाय.”

“मग माणसावरच्याचा अर्ज कुणाकडं करायचा?”

मी पुढे वाचलं. या कामातल्या निष्णात माणसाला हे सहज सुचण्यासारखं आहे, असं तिथे लिहिलं होतं. कायद्यातलंच ते वाक्य, बहुतेक अहवालांत असतं. मी अप्पांना तसं सांगितलंही. पण त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

“ह्या कामातला निष्णात माणूस मंजी कोण?” त्यांचा आवाज चढला होता. एवढ्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. “मीच की! दुसरा कोण हाय? आन् मला सुचाया एकतीस वर्सं लागली. सहज कावून मनतेत हे?”

मी अहवाल मिटून बाजूला ठेवला.

अहवालाला उत्तर देताना मी शहाणी झाले. निव्वळ प्रोग्रॅम नाही हे दाखवायचं, तर फाट्यावरचा मिस्ड कॉलच दाखवायला हवा होता. तेच आमचं नवं होतं. या वेळी मी सगळं लिहिलं: टपरी, पानवाला, नंबर, वेळ. पहिल्या अर्जात हे नव्हतं, हे मात्र मी अप्पांना सांगितलं नाही.

सुनावणी व्हिडिओवर होती. अप्पा पांढरा सदरा घालून, ताजी विभूती लावून माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये आले. पडद्यावर अधिकारी बाई दिसल्या तेव्हा ते उठून उभे राहिले आणि सांगूनही बसेनात. बाई शांत होत्या. आमचं उत्तर त्यांनी नीट वाचलेलं दिसत होतं. ही कल्पना चांगली आहे, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी हिंदीत विचारलं, “हे मूळ अर्जात कुठल्या पानावर आहे?”

मी नुसतेच कागद उलटत राहिले. अप्पांना वाटलं, मला पान सापडत नाही. मदतीला धावल्यासारखे ते त्यांच्या दखनी हिंदीत म्हणाले, “मॅडम, वो पन्ने पे कायकू ढूंडते? वो फाटे पे है. एक दिन केज के फाटे पे आके खड़े रहो, दिखाता मैं.”

बाई किंचित हसल्या. मग त्यांनी नियम सांगितला. मूळ अर्जात जे नाही ते मागाहून घालता येत नाही. नवा अर्ज करावा म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. लोक ही सोय दोन वर्षं उघडपणे वापरत होते, ती आता नवी राहिली नव्हती. बाईंचं काहीच चुकत नव्हतं. चिडायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं.

पडदा काळा झाला. अप्पा अजून उभेच होते.

“लिवलंच न्हवतं?”

“नाही.”

“मी इचारलं होतं तुमाला.”

“हो.”

ते खुर्चीवरची पिशवी उचलून निघून गेले.

पुढे अर्ज फेटाळल्याचा आदेश आला. अप्पा चारला यायचे बंद झाले. तीन आठवड्यांनी मीच त्यांच्याकडे गेले. ओट्यावर बसून तूर निवडत होते. काकूंनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

“मॅडम, त्या बाईला न्हाई समजलं, चालतंय. ती कवा फाट्यावर उभी ऱ्हायली न्हाई. तुमी तर वरीसभर माझ्यासंगं बसलाव.” सुपातला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. “तुमाला लाज वाटली. त्या चहावाल्याची न् माझी.”

ते खरं होतं.

काही दिवसांनी ते पुन्हा यायला लागले, कारण यंत्र चालू ठेवायचं होतं आणि लोकांचे फोन थांबले नव्हते. कुठल्या फाट्यावरचा नंबर बदलला, कुठली गाडी बंद झाली, हे सांगायचे. कामापुरतं बोलायचे. दशमी यायची. पण माझ्या चुका त्यांनी पुन्हा कधी काढल्या नाहीत. चूक दिसली तर स्वतःशी मान हलवायचे आणि कागदावर बरोबर लिहून माझ्यापुढे सरकवायचे. एवढं अंतर त्यांनी ठेवलं ते ठेवलंच.

गेल्या थंडीत अप्पा गेले. सकाळी पूजेला बसलेले असतानाच. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे बसवूनच त्यांना माती दिली. मला ओळखता येणार नाहीत अशी कितीतरी माणसं आली होती, नेकनूरकडची, धारूरकडची. त्यातले काही चहाच्या टपरीवरचे असावेत. मी कुणाला विचारलं नाही.

थोरले भाऊ परळीहून आले होते. माती झाल्यावर घरी परतलो, तेव्हा ते ओट्यावर माझ्याशेजारी टेकले. म्हातारे, थकलेले. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे बघत होते.

“येवढी माणसं कशी वो?” त्यांनी विचारलं. “काय करायचा तो नेमकं?”

मी सांगितलं. भारी शब्द एकही न वापरता. वह्या कशा होत्या, फाट्यावरचा माणूस काय करायचा, घरी बसून टँकर कसा दिसायचा, ते सगळं. शेजारच्यांनी आणलेलं पिठलं आत गार होत होतं. माझं संपल्यावर भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“आमाला वाटायचं, नुस्ता बसलेला असतंय.” मग त्यांनी विचारलं, “हे कुणी लिवून ठिवलंय का?”

“नाही. मी लिहायला हवं होतं.”

अर्जाचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. माझी समजूत काढावी तसा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“मग लिव की पोरी. तू तर शिकलेली.”

आणि हात धुवायला ते न्हाणीकडे गेले.