स्वागतप्रमुख बाई

चर्चच्या मंडळीच्या ‘येईल त्याचे स्वागत, लागेल ती सेवा’ या संकल्पानुसार नियुक्त स्वागतप्रमुख: निवृत्त परिचारिका, आवाज खणखणीत, आलेला माणूस हातचा जाऊ न देण्याचा दांडगा अनुभव.

वर्षभर देवळात नवीन कुणी फिरकलं नव्हतं. त्या रविवारी उपासनेत एक टॅक्सीवाला घाईघाईने शिरला. बाईंनी त्याला दंडाला धरून थेट पहिल्या बाकावर बसवलं आणि हातात गीतपुस्तक कोंबलं.

“काकू, मला जरा...”

“लाजू नका भाऊ. आपलंच घर समजा.”

“तेच समजून आलोय. शौचालय कुठंय?”

बाईंचा चेहरा पडला, पण सेवा ती सेवा. त्याला घेऊन त्या मागच्या बाजूला धावल्या. शौचालयाला कुलूप होतं. किल्ली पाळकांच्या खिशात होती, आणि पाळकांचं प्रवचन नुकतंच सुरू झालं होतं.