प्रार्थनाघराचं कुलूप

घरात तिला सगळे शंकाबाई म्हणत. हे नाव थोरल्या काकांनी ठेवलं. पाच वर्षांची असताना तिने भर जेवणात विचारलं होतं, "देवाला सगळं ऐकू येतं, तर आपण मोठ्याने का म्हणायचं?" काकांचा घास घशातच अडकला. बाबा मात्र हसले आणि म्हणाले, "विचारू दे. विचारल्याने देव झिजत नाही."

हे बाबा दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासत, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी गल्लीच्या टोकाला असलेल्या प्रार्थनाघराचं दार सांभाळत. पगार नाही, पद नाही, पण मान विचारू नका. तिथली रीतच तशी होती. सगळे आत बसले की दाराला आतून कुलूप लागायचं आणि पाऊण तास अगदी चिडीचूप. कुणी खोकलं तरी चार माना वळायच्या. उशीर झाला तर भल्याभल्या डॉक्टरांनाही आल्या पावली परत जावं लागे. दुकानात ज्यांना गिऱ्हाईक अरेतुरे करायचं, त्या बाबांच्या खिशात तीस वर्षं ती किल्ली होती.

एकोणिसाव्या वर्षी शंकाबाईने तिथे जाणं सोडलं. देवाशी तिचं भांडण नव्हतं. ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत, दोनशे जणांच्या घोळक्यात तिचं मन लागत नसे, एवढंच. सकाळी एकटीने चालताना ती देवाशी मनातल्या मनात गप्पा मारायची, कधी तक्रारही करायची, आणि तेवढ्यावर तिचं छान भागत होतं. लपवाछपवी न करता तिने हे घरी सांगून टाकलं. आईने दोन दिवस अबोला धरला. बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव. फक्त आईशी हुज्जत घालू नकोस." असा बाप मिळायला नशीब लागतं, हे मी वेगळं सांगायला नको.

पुढे तिला अग्निशमन दलात नोकरी लागली, इमारती तपासण्याची. जिने मोकळे आहेत का, तारा लोंबत नाहीत ना, दारं आतून झटकन उघडतात का, हे बघायचं आणि अहवाल लिहायचा. कामात महाखडूस! गोदामवाल्यांनी गोडगोड बोलावं, शाळावाल्यांनी हातापाया पडावं, ही ढिम्म हलायची नाही. सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांकडे गेली तरी आधी जिना बघायची, म्हणून मामी तिला घरात घ्यायलाही कचरायची.

मग एका सकाळी यादीत प्रार्थनाघराचं नाव आलं आणि बाईसाहेबांनी ती यादी दोनदा वाचली.

सहकाऱ्याला बरोबर घेऊन ती भरदुपारी तिथे गेली. दार सताड उघडं होतं. सहकाऱ्याने पट्टी लावून रुंदी मोजली, तारा पाहिल्या, मान डोलावली. "चोख आहे. सही कर, निघू," तो म्हणाला. कुलूप लागायचं ते फक्त प्रार्थनेच्या वेळी, आणि ते ठाऊक होतं आतल्या माणसांना. त्या दुपारी तिथे अशी एकच व्यक्ती उभी होती.

तिला स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षं जगाची दारं उघडत हिंडलो, आणि आपल्या घरचं म्हणून इथे मूग गिळून बसलो. मी इथे येत नाही, हा माझा प्रश्न. पण जे येतात ते तर आत कोंडलेले असतात. दोनशे माणसं आणि किल्ली एक, तीही साठी उलटलेल्या माणसाच्या खिशात. तिने पेन घेतलं आणि लिहिलं: प्रार्थनेच्या वेळी दार आतून कुलूपबंद असते, कुलूप कायमचे काढावे.

संध्याकाळी तिने ते स्वतःच बाबांना सांगितलं.

"कुलूप कुणी पाहिलं?" बाबांनी विचारलं.

"मी पाहिलंय, बाबा. एकोणीस वर्षं."

"तुला यायचं नव्हतं, मी अडवलं नाही," ते म्हणाले. "मग आमचं कशाला मोडतेस?"

"तुमची प्रार्थना नाही मोडत. आतमध्ये तुम्हालाच भोवळ आली तर? तेवढ्या धांदलीत किल्ली कोण शोधेल?"

बाबा ताटावरून उठले. नंतरचे पाच दिवस ते तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. या घरात तिला आजवर जे मोकळेपण मिळालं ते बाबांमुळे, आणि त्यांचा एकुलता एक मान तिनेच काढून घेतला होता. लिहिलेलं खोडावंसं तिला एकदाही वाटलं नाही, पण ती रोज अर्ध्या ताटावरून उठायची. तिसऱ्या दिवशी विश्वस्तांनी कुलूप काढल्याचं कार्यालयाला कळवलं.

प्रार्थनेच्या संध्याकाळी ती जीव मुठीत धरून घरात बसून राहिली. बाबा नेहमीपेक्षा उशिरा आले. चपला काढल्या, पाणी प्यायले.

"दोघं उशिरा आले म्हणे," ते म्हणाले. "एक बाई मध्येच उठून गेली. बाहेर कुणीतरी अर्धा तास स्कूटर सुरू करत होता."

"फार त्रास झाला का?"

"मला कुठे कळलं? हे सगळं नंतर शेजारी बसलेल्याने सांगितलं." ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "तीस वर्षं मी डोळे उघडे ठेवून बसायचो गं. कोण आलं, किती वाजले, खिशात किल्ली आहे ना. आज पहिल्यांदा मिटले."

तिला रडू आवरेना. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि आईला दोघांची ताटं वाढायला सांगितली.